राजीखुशीने व अक्कलहुशारीने

पत्र

ताई, माझे वडील अण्णा, वय ६८. नोंदणी कार्यालयात ३३ वर्षं नोकरी झाली. नऊ वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, निदान झालं. सिंडोपाची गोळी आता दर तीन तासांनी. ती चढली की हातपाय नको तितके हलतात, उतरली की खुर्चीतून उठवत नाही. अक्षर मुंगीएवढं झालंय. मागच्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला, ते त्यांनी फार मनाला लावून घेतलंय. डॉक्टरांनी मेंदूत तारा आणि छातीत बॅटरी, म्हणजे डीबीएस सुचवलं आहे. तपासण्या सगळ्या अनुकूल आहेत, पैशाची सोय झाली आहे. आई घाबरली आहे. दादा कॅलिफोर्नियात असतो. तो रोज मेंदूत चिप बसवलेल्या लोकांचे व्हिडिओ पाठवतो आणि म्हणतो, यात विचार कसला करताय? अण्णा मात्र एकच धरून बसलेत: "ऑपरेशननंतर सही जुळली, तर ती माझी की बॅटरीची?" एवढं सगळं जमून आलेलं असताना हे असले फाटे फोडतायत. माझा दहावीतला मुलगा विचारतो, आजोबांच्या डोक्यातलं कंपनीला कळेल का? कसं समजवू सगळ्यांना? आणि खरं सांगते, रात्री मलाही वाटतं, थिएटरमधून बाहेर येतील ते अण्णाच असतील ना?

— एक मुलगी, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी वाटलं, उत्तर अण्णांनाच लिहावं. तीस वर्षं मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. परीक्षेला येतं म्हणून मुलं 'आत्म्याचे स्वरूप' पाठ करायची, पण इतका नेमका प्रश्न एकानेही विचारला नाही. आणि तुम्ही म्हणता, फाटे फोडतायत!

अहो, ज्या माणसाची हयात नोंदणी कार्यालयात गेली, त्याने दुसरं काय विचारायचं? खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, नाहीतर मृत्युपत्र, शेवटाला वाक्य ठरलेलं: 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.' समोरच्या म्हातारीला "आजी, हे स्वतःच्या मर्जीने देताय ना?" असं विचारताना अण्णांची नजर तिच्या मागे उभ्या असलेल्या पुतण्याकडेही जात असणार. सहीमागे मर्जी कुणाची, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता पुतण्याच्या जागी बॅटरी उभी राहणार आहे. ते विचारणारच.

दादांचं आधी उरकते. ते पाठवतात ती यंत्रं वेगळ्या जातीची आहेत. २००४ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूवर ९६ इलेक्ट्रोडची, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या टोकांची, एक बारीकशी चकती बसवली आणि तो नुसत्या मनाने संगणकाचा कर्सर हलवू लागला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने नोलंड आर्बॉ या अशाच लुळ्या पडलेल्या तरुणाला १,०२४ इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं, तो त्याच्यावर बुद्धिबळ खेळतो. (ज्या धाग्यांवर हे इलेक्ट्रोड होते, त्यातले बरेचसे काही आठवड्यांत मेंदूतून मागे सरकले आणि सॉफ्टवेअर बदलून सावरून घ्यावं लागलं. हे दादांच्या व्हिडिओत आहे का बघा.) ही सगळी मेंदू वाचणारी यंत्रं. माणूस ठरवतो, यंत्र ऐकतं. अण्णांना बसवायचं आहे ते मेंदूत लिहिणारं यंत्र. तिथे यंत्र बोलतं आणि मेंदू ऐकतो. म्हणून 'यात विचार कसला' हे वाक्य नेमकं इथेच लागू पडत नाही.

ते लिहितं काय? कंपवातात मेंदूच्या खोल भागात पेशींचे काही गट एकाच ठेक्यात अडकून बसतात. भजनात एखादा टाळकरी चुकीच्या लयीत घुसावा आणि सगळ्यांना त्याच्यामागे ओढावं, तसं. मग उठायचं मनात येतं, पण आज्ञा पायापर्यंत नीट पोचत नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं की, त्या खोल जागी वेगाने विजेचे ठोके दिले तर थरथर थांबते. आज साधारण सेकंदाला १३० ठोके देतात. त्याने आत नक्की काय होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. बहुतेकांचं मत असं, की तो बिघडलेला ठेका मोडतो. रोग त्याने थांबत नाही. बोलणं आणि तोल यांना फारसा उपयोग होत नाही, कधी बोलणं आणखी जड होतं. गोळीचा गुण येणाऱ्या तक्रारींना मात्र चांगला फरक पडतो, आणि चढउताराचे ते वाया जाणारे तास कमी होतात.

आता सहीचं. काय लिहायचं, कुणाच्या नावे लिहायचं, लिहायचं की नाही, हे त्या तारा सांगत नाहीत. सेकंदाला १३० वेळा एकच एक ठोका, त्यात कसली अक्कल आणि कसली मर्जी? सहीच्या वाटेत बसलेला अडथळा तेवढा हलतो. उलट मी अण्णांना विचारीन, बँकेने परत केली ती मुंगीएवढी सही तरी तुमची होती का? तिच्यावर रोगाचा हात होता. आणि गोळी चढलेली असताना केलेली सही सिंडोपाची का नव्हे? आपल्याकडे कंपवातावर खाजकुहिलीच्या बिया देत आले आहेत, आणि त्या बियांत लेव्होडोपा नावाचं जे द्रव्य असतं तेच सिंडोपातही असतं. बाहेरचं काहीतरी आत घेऊन माणसाचा हात सरळ करायचा, ही वाट जुनीच आहे.

इथवर थांबले असते तर सोपं होतं. चष्म्यासारखंच समजा, म्हटलं आणि हात झटकले. पुष्कळ डॉक्टर तसंच सांगतात, आणि अण्णांसारख्या माणसाला ते पटत नाही ते बरोबरच आहे. चष्म्याने माणसाची आवड बदलत नाही.

नेदरलँड्समधल्या एका गृहस्थाची गोष्ट सांगते. वय ५९, आजार कंपवाताचा नव्हे, विचारांच्या नि कृतींच्या चक्रात अडकवणारा, ज्याला आपण ओसीडी म्हणतो. त्यांच्या मेंदूत दुसऱ्या एका जागी अशाच तारा बसवल्या. आजार हटला, आणि काही महिन्यांनी त्यांना जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचं अक्षरशः वेड लागलं. आधी संगीताचा असा काही खास नाद नव्हता. आता दुसरं काही ऐकवेना. आणि गंमत अशी, की बॅटरी उतरत आली की ते वेडही उतरायचं. आता सांगा, ही आवड कुणाची? ते स्वतः खूश होते. त्यांना ती परकी वाटली नाही. मला विचाराल तर, आवड कुठून आली यापेक्षा आल्यावर माणूस तिला आपली म्हणतो का, हे मी जास्त धरीन. तारुण्यात आपल्याला एखादी व्यक्ती आवडली तीही काही अर्ज करून आवडली नव्हती. पण हे मी म्हणते. माझ्या एका सहकाऱ्याला हे कधीच पटलं नाही. त्याचं म्हणणं, बटण दाबून जाणारी आवड ही आवडच नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे, आणि ती कंपवाताचीच आहे. २००४ मध्ये डच डॉक्टरांनीच लिहिलेली. ६२ वर्षांचे एक रुग्ण. यंत्र चालू असलं की हातपाय चालायचे, पण उन्माद चढायचा, इतका की व्यवहार धड राहिना. औषधांनीही तो आवरला नाही. यंत्र बंद केलं की डोकं शांत, पण शरीर अंथरुणाला खिळलेलं. मधली वाट सापडेना. शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, माणूस पूर्ण भानावर असल्याची खात्री करून घेतली आणि त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं, यंत्र चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. निवड बरोबर की चूक, हा त्याचा प्रश्न. मला महत्त्वाचं वाटलं ते विचारण्याची वेळ. उन्मादात असताना त्याने 'चालूच ठेवा' म्हटलं असतं तर त्याला अर्थ नव्हता, ती राजीखुशी झाली असती पण अक्कलहुशारी नव्हे. डॉक्टरांनी दोन्ही एका जागी असलेला क्षण शोधला. आपल्या दस्तऐवजांत हे दोन शब्द जोडीने का घालतात, हे मला त्या डच माणसामुळे कळलं. अण्णांना आधीपासून ठाऊक असेल.

वेताळाची मस्तकांच्या अदलाबदलीची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायचे. नवऱ्याचं डोकं एका धडावर, दुसऱ्याचं डोकं नवऱ्याच्या धडावर, मग नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याच्यावर नवऱ्याचं डोकं तो. मुलांना पटायचं. पण जोड डोक्यातच दिला तर विक्रम काय म्हणाला असता, हे वेताळाने विचारलं नाही. तुम्ही रात्री विचारताय ते हेच. बाहेर येतील ते अण्णाच असतील ना?

बहुधा हो. बहुतेक लोक बाहेर येतात ते आपले आपणच असतात, थोडे थकलेले आणि बरेच मोकळे. पण 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. काहींना उतावीळपणा येतो, काहींना उदास वाटतं, काही विनाकारण चिडतात. पुष्कळदा सेटिंग आणि गोळ्यांचा डोस बदलून ते आवरतं. आणि कंपवाताच्या काही गोळ्यांनीही जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागल्याचं डॉक्टरांना माहीत आहे, तेव्हा हे बालंट एकट्या तारांवर नको. अण्णा आज घेतात त्यात प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, म्हणजे असा नाद लावू शकणारी गोळी, आहे का, तेही डॉक्टरांना या निमित्ताने विचारून घ्या.

२००६ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या २९ रुग्णांशी बसून सविस्तर बोलून लिहून ठेवलंय, ते तुमच्या आईंसाठी सांगते. हातपाय सुधारले होते, तरी बऱ्याच जणांना स्वतःबद्दल परकेपणा वाटत होता आणि अनेक जोडप्यांत खटके उडू लागले होते. कारण उघड आहे. दहा वर्षं एकजण आजारी आणि एकजण सांभाळणारी, या हिशोबावर घर बसलेलं असतं. तो माणूस एके सकाळी उठून स्वतःचा चहा करून घेतो. मग सांभाळणारीने कोण व्हायचं? आईंची भीती 'ऑपरेशनची' आहे असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा एकट्याने त्यांच्याशी बोला.

आणि उलटी बाजूही आहे, तिने मला सगळ्यात जास्त हलवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंना अपस्माराचे झटके यायचे. प्रयोगात सामील होऊन त्यांनी झटक्याची आगाऊ सूचना देणारं यंत्र मेंदूत बसवून घेतलं. पहिल्यांदाच त्या निर्धास्तपणे घराबाहेर पडू लागल्या, ते यंत्र त्यांच्यात असं मिसळून गेलं की वेगळं वाटेना. मग कंपनीकडचा पैसा संपला आणि यंत्र काढायचं ठरलं. नवराबायकोंनी घर पुन्हा गहाण टाकायची तयारी दाखवली. उपयोग झाला नाही. प्रयोगातल्या सगळ्यांत त्यांचं यंत्र शेवटी निघालं, आणि त्यांनी जे दुःख केलं ते एखादं उपकरण गेल्याचं नव्हतं, स्वतःतलं कुणीतरी गेल्याचं होतं. आपण घाबरतो, यंत्र आत गेल्यावर 'मी' जाईल. त्यांचा 'मी' यंत्र बाहेर काढताना गेला. मी इतकी वर्षं 'शरीर हे साधन, आत्मा वेगळा' असं फळ्यावर लिहीत आले. त्या बाईंपुढे ते लिहिण्याची हिंमत मला झाली नसती.

म्हणून कंपनीबद्दल विचारायला लाजू नका. बॅटरी किती वर्षांची (साधी साधारण तीन ते पाच, चार्ज होणारी बरीच जास्त), बदलायचा खर्च किती, सांगलीहून सेटिंगसाठी कुठे आणि किती वेळा जावं लागेल, डॉक्टर बदलले तर पुढे कोण. अमेरिकेत दृष्टिहीनांसाठी कृत्रिम डोळा बनवणारी सेकंड साइट ही कंपनी २०२० मध्ये बुडता बुडता वाचली. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत तिचं यंत्र होतं आणि दुरुस्तीला कुणी उरलं नाही. डीबीएस हे त्या मानाने जुनं आणि पसरलेलं तंत्र आहे, तितकी भीती नाही. तरी विचारा.

तुमच्या मुलाला सांगा, आजोबांच्या डोक्यातलं कंपनीला कळणार नाही. नव्या काही यंत्रांत मेंदूतला तो बिघडलेला ठेका मोजून विजेचे ठोके कमीजास्त करायची सोय आली आहे. त्या नोंदीतून ठेका कळतो, विचार नाही. पण पोराचा प्रश्न खुळा नाही. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की बोलता न येणाऱ्या माणसाने मनातल्या मनात म्हटलेली वाक्यंही काही प्रमाणात वाचता येतात. त्यांनीच मग त्यावर कुलूप बसवलं. माणसाने मनात ठरावीक परवलीचे शब्द म्हटल्याशिवाय यंत्र वाचत नाही. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मेंदूच्या माहितीला वेगळी जागा नाही. आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. २००८ मध्ये आपल्या पुण्यातल्या न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना आरोपीच्या मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता, जगभर त्याची चर्चा झाली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की अशी चाचणी कुणावर त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. नातवाने हे आजोबांना वाचून दाखवलं तर दोघांची एक संध्याकाळ छान जाईल.

तर मग करायचं काय? समजवू नका, दस्तऐवज करा. खरंच सांगते. गोळीचा गुण असलेल्या चांगल्या तासात, घाई नसताना, अण्णांना कागद द्या आणि मसुदा त्यांनाच सांगू द्या, लिहा तुम्ही. मला काय परत मिळालं तर हे ऑपरेशन सार्थकी लागलं असं मी म्हणेन: सही, एकट्याने आंघोळ, पंढरीला जाणं, जे असेल ते. माझ्यातलं काय गेलं तर तो सौदा मला मान्य नाही: नातवाशी वागतानाचा धीर, हिशोबाची चोख सवय, आईशी बोलण्याची पद्धत. मी बदललो आहे आणि मला ते कळत नाहीये, असं कुणाच्या तोंडून ऐकलं तर मी मानेन. इथे बहुधा आईंचंच नाव येईल. आणि तसं झालं तर आधी काय करायचं: ठोके कमी करायचे, डॉक्टरांकडे जायचं, की यंत्र बंद करून मला विचारायचं. याला कायद्याचा काही जोर नाही, पण डॉक्टरांच्या फाइलला एक प्रत जरूर लावा. पुढे सेटिंग बदलताना 'बरं वाटतंय का' यापेक्षा त्यांना या कागदाचा जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट मी हट्टाने सांगेन. रुग्णाजवळ ठेवायचा एक छोटा रिमोट असतो, डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत ठोके कमीजास्त करता येतात. तो अण्णांकडे राहील. बडबड वाढली म्हणून, संतापले म्हणून, पाहुणे येणार आहेत म्हणून तुम्ही किंवा दादांनी तो हातात घ्यायचा नाही. सहीमागे उभा राहणारा पुतण्या बॅटरी नसते, तो रिमोट धरणारा असतो. अण्णांच्या प्रश्नाला मी हेच उत्तर देईन, आणि त्यांना ते पटेल असं मला वाटतं.

त्यांच्या जागी मी असते तर तारा घालून घेतल्या असत्या. पण हा कागद केल्यावरही ते नको म्हणाले, तर ती नकाराची सहीही त्यांचीच. तेव्हा दादांना व्हिडिओ पाठवणं बंद करायला सांगा.

आणि हो, बँकेत नव्या सहीचा नमुना आत्ता देऊ नका. ऑपरेशन झालं तरी सेटिंग बसायला काही महिने जातात, तोवर सही रोज वेगळी येईल. मधल्या काळात आजारी खातेदाराचा अंगठा बँक घेते. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. नियम अण्णांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल, आणि शाखेत जाऊन तो त्या साहेबांना समजावून सांगताना त्यांचा हात थोडा कमी थरथरेल.